शालेय रेखाकला आणि ग्रामीण विद्यार्थी : एका परीक्षेचा इतिहास

महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा इतिहास लिहिताना इंग्रजी, गणित आणि मातृभाषा या विषयांचा विचार विस्ताराने झालेला आहे. रेखाकलेच्या वाट्याला मात्र बहुधा एखाददुसरे वाक्यच येते. हा विषय वेळापत्रकात आठवड्याच्या एकदोन तासांपुरता असतो आणि त्याच्या गुणांवर वरच्या वर्गातील प्रवेश सहसा अवलंबून नसतो, म्हणून तो गौण समजला गेला. तथापि शाळेच्या नेहमीच्या परीक्षांहून स्वतंत्र, शासनाने घेतलेली आणि शाळकरी मुलाने केवळ हाताच्या व डोळ्यांच्या कौशल्यावर द्यावयाची अशी जी परीक्षा या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ती याच विषयाची होय. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या नावांनी ती घरोघर ओळखली जाते. तिचा उगम कोठून झाला, तिच्याबरोबर मराठीत कोणती परिभाषा आली आणि खेड्यातील विद्यार्थ्याला तिने नेमके काय दिले, हे तीन प्रश्न परस्परांशी निगडित असल्यामुळे त्यांचा एकत्रच विचार करणे इष्ट ठरते.

या विचाराला एखाद्या गावाचा आधार असल्यास तो अधिक निश्चित होतो. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कारेगाव हे त्या दृष्टीने सोयीचे स्थळ आहे. पुण्याहून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या रस्त्यावर, पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरांवर हे गाव वसलेले असून अष्टविनायकांपैकी महागणपतीचे रांजणगाव त्याच्या शेजारी आहे. पावसाच्या छायेतील हा प्रदेश पूर्वापार जिरायती शेतीचा. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची रांजणगाव वसाहत या परिसरात उभी राहिली आणि मोठमोठ्या कारखान्यांमुळे गावाचे रूप पालटले. नांगर, यात्रा आणि यंत्र ही तिन्ही दृश्ये एकाच मुलाच्या नजरेसमोर असणारी अशी गावे महाराष्ट्रात थोडी नाहीत. कारेगाव हे त्यांचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल.

१

इंग्रजी अमलापूर्वी महाराष्ट्रात हाताला वळण लावण्याचे शिक्षण नव्हते असे नाही. पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवीत असे आणि पुढे कित्ता पाहून बोरूने मोडी लिहीत असे. यातील शब्द लक्ष देण्याजोगे आहेत. ‘कित्ता’ हा शब्द अरबी मूळचा असून त्याचा मूळ अर्थ तुकडा असा आहे; फारसी लेखनकलेत सुलेखनाच्या नमुन्याच्या पानाला तो लावीत, आणि दौत, कलम, कागद यांच्या सोबतीने तो मराठीत स्थिरावला. ‘वळण’ हा शब्द अक्षराच्या घाटालाही लावतात आणि माणसाच्या वर्तनालाही लावतात. ‘गिरविणे’ म्हणजे आधीच्या रेषेवरून पुन्हापुन्हा हात फिरविणे. पण थोरांचा कित्ता गिरवावा असेही आपण म्हणतो. हाताची सवय आणि मनाची सवय ही एकाच प्रकारे लागते, अशी समजूत या शब्दांच्या पोटात आहे.

शाळेबाहेर हेच शिक्षण निराळ्या मार्गाने चाले. दारापुढील रांगोळीत ठिपक्यांची संख्या, रेषांची समतोल मांडणी आणि आकृतीची पुनरावृत्ती यांचे ज्ञान आईकडून मुलीकडे जात होते. ठाणे-पालघरकडील वारली समाजात लग्नप्रसंगी भिंतीवर चौक लिहिण्याचे काम स्त्रियाच करीत. सावंतवाडीकडे लाकूडकामावर व गंजिफांवर रंगकाम करणाऱ्या कारागिराला ‘चितारी’ हे व्यवसायवाचक नाव होते आणि ‘चितारणे’ हे क्रियापद सर्व मराठी मुलखात रूढ होते. या ज्ञानाला पाठ्यपुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती आणि त्याला शिक्षण म्हणण्याची रीतही नव्हती. पुढे शाळेत रेखाकला आली तेव्हा तिने कित्त्याची पद्धत सहज आपलीशी केली. रांगोळी व चौक यांची दखल घेण्यास तिला फार वेळ लागला.

२

शाळेतील रेखाकलेचा उगम मुंबईत आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये देऊ केलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ च्या मार्चमध्ये मुंबईची कलाशाळा सुरू झाली. तिचे पहिले वर्ग एलफिन्स्टन संस्थेत भरत; स्वतंत्र इमारत १८७८ मध्ये मिळाली. मद्रास (१८५०) आणि कलकत्ता (१८५४) येथील कलाशाळांप्रमाणे याही शाळेचा मूळ हेतू चित्रकार घडविण्याचा नसून कारागिराचा हात सुधारण्याचा होता. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात यंत्राने घडविलेल्या मालाची अभिरुची किती हीन झाली आहे हे इंग्रजांच्या लक्षात आले आणि हेन्री कोल व रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी कलाशिक्षणाचा एक क्रमबद्ध अभ्यासक्रम तयार केला. त्यात २३ पायऱ्या होत्या. सरळ रेषेपासून आरंभ करून अलंकरणाच्या बाह्यरेषा, घनाकृती, छायाप्रकाश, मानवाकृती आणि शेवटी स्वतंत्र रचना असा तो चढता क्रम होता. साउथ केन्सिंग्टनची म्हणून ओळखली जाणारी ही पद्धती साम्राज्यात सर्वत्र पसरली व मुंबईतही आली.

या पद्धतीचे गुण आणि दोष दोन्ही मुंबईच्या इतिहासात दिसतात. जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे अध्यापक १८६५ च्या सुमारास आले. ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि व्हिक्टोरिया टर्मिनसच्या शिल्पालंकरणातही कलाशाळेचा हात लागला. प्रतिकृती करण्याची शिस्त अंगी नसती तर ही कामे झाली नसती. परंतु तीच शिस्त शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली तेव्हा रेडग्रेव्हच्या चढणीच्या पहिल्या काही पायऱ्याच त्यांच्या वाट्याला आल्या. नमुना पाहावा व तंतोतंत उतरवावा, येथेच बहुतेकांचा प्रवास संपला. कित्ता गिरविण्याची सवय असलेल्या समाजाला यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. परकी पद्धती इतक्या लवकर रुजली याचे एक कारण हेच असावे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शालेय रेखाकलेच्या अध्यापनाचा आणि रेखाकला-शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा उपक्रम कलाशाळेने हाती घेतला. या निर्णयाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. मुंबईतील एका संस्थेत जेवढे विद्यार्थी मावतील तेवढ्यांपुरते मर्यादित असलेले शिक्षण यामुळे प्रांतातील शाळांपर्यंत जाऊ शकले. कारण शिक्षक हा संस्थेच्या बाहेर जाणारा घटक होता. ‘ड्रॉइंग मास्तर’ ही मराठी शाळेतील परिचित व्यक्ती येथून जन्माला आली.

या विस्ताराची तुलना त्याच काळातील एका मागणीशी करण्यासारखी आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात खेड्यातील प्राथमिक शिक्षणात मोडी व बालबोध वाचनलेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीचे ज्ञान असावे असे सांगितले होते. खेड्यातील अभ्यासक्रम शहरातील अभ्यासक्रमाहून लहान असला तरी चालेल, पण तो कमी व्यवहारोपयोगी असता कामा नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. रेखाकलेचा उल्लेख तेथे मध्यवर्ती नाही. तरीही व्यवहारोपयोगी शिक्षण कोणाला मिळावे हा फुले यांचा प्रश्न आणि कारागिराचा हात सुधारावा हा कलाशाळेचा हेतू एकाच दिशेने जाणारे होते. प्रत्यक्षात मात्र त्यांची गाठ पुढची कित्येक दशके पडली नाही, कारण रेखाकला-शिक्षक मुख्यतः शहरातील आणि तालुक्याच्या गावातील हायस्कुलांत नेमले जात आणि हायस्कुले खेड्यात नव्हती.

३

परीक्षेचे महत्त्व समजण्यासाठी ती नसताना काय घडे हे पाहणे उपयुक्त ठरेल. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) हे अलिबागजवळच्या सासवणे गावचे. गावातील राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या साहाय्याने करमरकर मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले. पुढे पुण्यातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा (१९२८) त्यांच्या हातून घडला. सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचे गुण सावंतवाडीच्या शाळेत ओळखले गेले आणि संस्थानच्या आश्रयाने ते मुंबईला गेले. दोन्ही कथा आनंद देणाऱ्या आहेत. परंतु त्यांचा अर्थ गंभीर आहे. कलेक्टर त्या वाटेने गेला नसता, किंवा त्या मुलाच्या गावाला संस्थानिक नसता, तर काय झाले असते? अशा न सापडलेल्या मुलांची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही.

शासकीय रेखाकला परीक्षेचे ऐतिहासिक कार्य या योगायोगाला नियमाचे रूप देणे हे होय. ज्या शाळेत रेखाकलेचा शिक्षक आहे त्या शाळेतील कोणीही मूल परीक्षेला बसू शकते. त्याची उत्तरपत्रिका ज्यांच्यापुढे जाते त्यांना त्याचे घराणे, गाव वा जात यांपैकी काहीही ठाऊक नसते. इंटरमीजिएटचे प्रमाणपत्र कलाशिक्षणाच्या पुढील अभ्यासक्रमांशी दीर्घकाळ जोडलेले राहिले. आर्ट टीचर डिप्लोमा, आर्ट मास्टर, शासकीय कला पदविका या वाटा त्यातून फुटल्या. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्यासारखा कोल्हापूरहून आलेला विद्यार्थी त्याच कलाशाळेत अध्यापक होऊन दीर्घकाळ राहिला आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मवृत्तात त्या संस्थेचे अंतरंग मराठीत नोंदवून गेला. प्रांतातील मुलगा मुंबईत शिकतो आणि पुढे इतरांना शिकवितो, हे चक्र विसाव्या शतकाच्या आरंभी फिरू लागले होते.

४

परीक्षेबरोबर जी परिभाषा आली तिचाही येथे विचार केला पाहिजे. कारण विद्यार्थ्याने विषयाकडे कसे पाहावे हे ती काही अंशी ठरविते. बोलीत विषयाचे नाव ‘ड्रॉइंग’ हेच राहिले. शासनाने ‘रेखाकला’ हा शब्द स्वीकारला, आणि शाळेत ‘चित्रकला’ हा शब्द चालला. या तीन शब्दांची क्षेत्रे वेगळी आहेत. ‘रेखाकला’ हा शब्द रेषेवर, म्हणजे साउथ केन्सिंग्टनच्या मूळ शिस्तीवर भर देतो. ‘चित्रकला’ या शब्दात रंग, आशय आणि कल्पना यांना जागा आहे. ‘ड्रॉइंग’ या शब्दाने मात्र तास, वही आणि मास्तर यांचा मिळून बनलेला एक शालेय अनुभव सूचित होतो.

परीक्षेतील उपविषयांची नावे पाहिली तर भाषांतराच्या निरनिराळ्या तऱ्हा दिसतात. ‘मुक्तहस्त चित्र’ हे इंग्रजी संज्ञेचे शब्दशः रूपांतर आहे. परंतु मराठीत मुक्तहस्त हा दानशूराचा गुण असल्यामुळे उपकरणांवाचून काढलेली रेषा हा अर्थ त्यातून सहजी निघत नाही आणि विद्यार्थ्याला तो शिकवावा लागतो. ‘संकल्पचित्र’ या शब्दाची गोष्ट उलट आहे. संकल्प म्हणजे कार्यारंभी मनाशी केलेला निश्चय; आराखडा आधी मनात ठरतो व मग कागदावर येतो, ही प्रक्रिया मूळ इंग्रजी शब्दापेक्षाही या शब्दात स्पष्ट आहे. ‘स्थिरचित्र’ आणि ‘वस्तुचित्र’ हे शब्द सरळ आहेत. ‘स्मरणचित्र’ हा शब्द सर्वांत अर्थगर्भ म्हणावा लागेल. नमुना समोर नसताना पाहिलेले आठवून काढणे, एवढीच त्याची व्याख्या आहे. परंतु आठवणीत काय आहे हे प्रत्येक मुलाचे निराळे असते आणि म्हणूनच कित्त्याच्या परंपरेत वाढलेल्या या परीक्षेत स्वतःच्या जगाला प्रवेश देणारे दार हेच ठरले.

बाजार, जत्रा, सण, शेतातील काम असे विषय स्मरणचित्राला दिले जातात. अशा विषयांत खेड्यातील विद्यार्थी शहरातील विद्यार्थ्याच्या मागे असण्याचे कारण नाही. कारेगावच्या मुलाने रांजणगावची भाद्रपदातील गर्दी पाहिलेली असते. बैलाच्या खांद्यावर जू कसे बसते, ओझे घेतलेल्या स्त्रीची मान कशी ताठ राहते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. संकल्पचित्रातही हेच आहे. वर्तुळात किंवा चौकोनात समतोल आकृती बसविणे ज्या मुलीने दारापुढे रोज केले आहे, तिला या प्रश्नपत्रिकेचा अर्धा अभ्यास घरीच झालेला असतो. रांगोळीचे ते ज्ञान शाळेच्या हिशेबात प्रथमच गुणांना पात्र ठरले, पण कोणी तसे बोलून दाखविले नाही.

अक्षरलेखनाचा उपविषय भाषाभ्यासकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. रुंद लेखणीचा कोन, शिरोरेषेची जाडी, काना व वेलांटी यांचे प्रमाण यांचा विचार शाळकरी वयात ज्या एकाच ठिकाणी होतो ते ठिकाण भाषेच्या तासात नसून रेखाकलेच्या तासात आहे. देवनागरीच्या आधुनिक घडणीत मुंबईच्या उपयोजित कलेच्या परंपरेचा वाटा मोठा आहे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकावरील भारतीय लिप्यांसाठी केलेले काम, त्यांचा ‘मंगल’ हा अक्षरसंच आणि अच्युत पालव यांनी केलेला मोडीचा सुलेखनविषयक अभ्यास ही त्याची उदाहरणे होत. पंतोजींच्या कित्त्यापासून संगणकाच्या अक्षरसंचापर्यंतचा हा धागा अखंड आहे, आणि मधल्या काळात तो शाळेत बव्हंशी रेखाकलेनेच धरून ठेवला.

५

नकलेवर आधारलेल्या शिक्षणाविषयी शंका विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच व्यक्त होऊ लागली होती. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी बालकांच्या चित्रांना स्वतःचे नियम असतात हे दाखवून दिले आणि १९४३ मध्ये हर्बर्ट रीड यांनी कला हाच शिक्षणाचा पाया असावा असा सिद्धान्त मांडला. महाराष्ट्रात हा विचार निराळ्या वाटेने आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने जो मूलोद्योगी अभ्यासक्रम तयार केला त्यात रेखाकलेचा समावेश होता. सेवाग्राम येथे १९४४ पासून देवी प्रसाद यांनी ग्रामीण मुलांना चित्रकला शिकविली आणि त्या अनुभवावर शिक्षणातील कलेच्या स्थानाविषयी ग्रंथ लिहिला. शांतिनिकेतनात शिकलेला चित्रकार वर्ध्याजवळच्या खेड्यात येऊन शिकवितो, ही घटना महाराष्ट्राच्या कलाशिक्षणाच्या इतिहासात मुंबईइतकीच लक्षणीय मानली पाहिजे.

तथापि सेवाग्रामचा प्रयोग सार्वत्रिक झाला नाही. परीक्षा मात्र सार्वत्रिक झाली. यामागील कारण साधे आहे. प्रयोगाला असाधारण शिक्षक लागतो. परीक्षेला मध्यम कुवतीचा, पण प्रशिक्षित व नेमलेला शिक्षक पुरतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था व तिच्यासारख्या इतर संस्था यांनी स्वातंत्र्यानंतर खेडोपाडी हायस्कुले काढली, तेव्हा रेखाकलेचा शिक्षक प्रथमच तालुक्याच्या गावापलीकडे गेला. मुदलियार आयोगाने (१९५२–५३) बहुउद्देशीय शाळांसाठी जे सात अभ्यासगट सुचविले त्यांत ललित कलांचा एक गट होता. कोठारी आयोगानेही (१९६४–६६) कलाशिक्षणाच्या उपेक्षेकडे लक्ष वेधले. १९६५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कला संचालनालय स्थापन केले आणि रेखाकला परीक्षांची सूत्रे त्याच्याकडे आली. १९५८ मध्ये मूळ कलाशाळेतून वास्तुकला व उपयोजित कला यांच्या स्वतंत्र संस्था झाल्या होत्या. २०२३ मध्ये या तिन्ही संस्थांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला.

६

एकविसाव्या शतकात या परीक्षेच्या वाटचालीला दोन वळणे मिळाली आणि दोन्हींचा परिणाम ग्रामीण शाळांवर अधिक झाला. पहिले वळण गुणांचे. शालान्त परीक्षेत रेखाकलेच्या श्रेणीसाठी वाढीव गुण देण्याची पद्धत सुरू झाली. सुधारित नियमानुसार इंटरमीजिएटच्या अ, ब आणि क या श्रेणींना अनुक्रमे ७, ५ आणि ३ गुण ठरले. यामुळे परीक्षेला बसणाऱ्यांचा उत्साह वाढला हे खरे. परंतु ज्या परीक्षेचा हेतू रेखाकलेतील गुणवत्ता शोधणे हा होता तिच्याकडे इतर विषयांची टक्केवारी वाढविण्याचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. साधन बदलले की शिकविण्याची रीत बदलते. ठरावीक स्मरणचित्रे पाठ करून घेणे ही त्याची परिणती होय, आणि ती झाली की स्मरणचित्र पुन्हा कित्ता होते.

दुसरे वळण शिक्षकाच्या पदाचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक विद्यार्थी असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. कलाशिक्षणाचा उल्लेख कायद्यात झाला हे स्वागतार्ह आहे. परंतु तो अंशकालीन म्हणून झाला आणि पटसंख्येच्या अटीसह झाला. लहान गावांतील शाळांचा पट सहसा मोठा नसतो. म्हणजे ज्या मुलाला योगायोगापासून सोडविण्यासाठी कलाशाळेचा तो निर्णय उपकारक ठरला, ते मूल पुन्हा योगायोगाच्या स्वाधीन होण्याचा धोका येथे उत्पन्न होतो.

कारेगावच्या संदर्भात या धोक्याला आणखी एक बाजू आहे. गावाच्या शिवारात कारखाने उभे राहिल्यामुळे भूमितीच्या प्रश्नपत्रिकेला, विशेषतः इंटरमीजिएटच्या घन भूमितीला, एक प्रत्यक्ष अर्थ प्राप्त झाला आहे. यंत्राच्या भागाचे वरून, समोरून व बाजूने दिसणारे रूप कागदावर मांडता येणे ही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील आरेखकाची पहिली गरज असते. कारागिराचा हात सुधारावा म्हणून १८५७ मध्ये जे शिक्षण मुंबईत सुरू झाले, त्याचा उपयोग दीडशे वर्षांनंतर शिरूर तालुक्यातील एका गावात असा दृष्टीस पडतो. कारखान्याच्या फाटकाबाहेर राहणे आणि आत जाऊन आराखडा वाचता येणे यांतील अंतर कधीकधी या एका विषयाच्या तासाएवढे असते. चित्रकार होऊ न इच्छिणाऱ्या मुलालाही रेखाकलेची गरज आहे, हे सिद्ध करण्यास याहून दुसरे प्रमाण नको.

७

या सर्व विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. शासकीय रेखाकला परीक्षा ही जन्माने परकी होती. परंतु कित्ता आणि वळण यांची सवय असलेल्या समाजात ती लवकर रुजली. तिच्या नकलेच्या भागाने शिस्त दिली आणि स्मरणचित्र व संकल्पचित्र यांनी घरचे, शेताचे व यात्रेचे ज्ञान शाळेत आणले. तिने निर्माण केलेले चित्रकार संख्येने थोडेच असतील. तिचे खरे फळ शिक्षक, आरेखक, अक्षरकार आणि पाहायला शिकलेले अगणित सामान्य नागरिक हे आहे. या फळाचा आधार प्रश्नपत्रिका कधीच नव्हती. शाळेत नेमलेला आणि रोज हजर असणारा शिक्षक हा तो आधार होता.

म्हणून या विषयाच्या भवितव्याचा विचार करताना गुण किती द्यावेत हा प्रश्न दुय्यम ठरतो. कारेगावसारख्या गावातील शाळेत रेखाकलेच्या तासाला वर्गात कोण उभे असते, हा पहिला प्रश्न होय. सासवण्याच्या मंदिराच्या भिंतीवरील चित्र एका कलेक्टराने पाहिले, ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली. आजही मुले भिंतींवर, वह्यांच्या मागच्या पानांवर आणि धुळीत चित्रे काढीतच आहेत. ती पाहणारे कोणीतरी शाळेतच असावे, एवढ्यासाठी ही सारी व्यवस्था उभारली गेली होती.